झेंडूच्या मुलखातून

मु. मेक्सिको सिटी, कार्तिक महिना

तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मोबाइलवर बोटाने खरडलेला मजकूर म्हणजे पत्र नव्हे, असा आपला सक्त हुकूम असल्याने, आणि तो मोडण्याची छाती मूल गावच्या आपल्या घरात आजतागायत कोणाची झालेली नसल्याने, हे पत्र शाईने लिहीत आहे. आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल नाही ती फक्त तुरीची डाळ. हे शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे येथे पाणी कमी उष्णतेवरच उकळू लागते आणि डाळ, शिट्या कितीही झाल्या तरी, आपला मूळ करारी स्वभाव सोडीत नाही. हे भौतिकशास्त्र मायला फोनवरून साद्यंत समजावून सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "काऊन रे, तुया बायकोले डार शिजवता येत नाही का?"

विशेष मजकूर असा की आपली सून येथे पुढारी झाली आहे. ती ज्या शाळेत शिकवते तेथे नाना देशांची मुले असल्यामुळे, परस्परांच्या संस्कृतींचा परिचय व्हावा या उदात्त हेतूने दरसाल एक समारंभ होतो, आणि त्यात भारतवर्षाची बाजू मांडण्याचे काम, अन्य उमेदवारच नसल्याने, हिच्यावर बिनविरोध आले. हिने झेंडूचे तोरण बांधले, नऊवारी नेसली आणि या फुलाचा व आमच्या सनातन परंपरेचा संबंध किती पुरातन आहे, यावर अर्धा तास व्याख्यान दिले. ते संपल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातील एक वृद्ध बाई हळूच पुढे आली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, फूल आमचे आहे."

आणि खरोखरच त्यांचे! झेंडूचे मूळ रान हाच मुलूख. येथून युरोपीय गलबतांच्या वाटेने तो जगभर निघाला आणि आपल्या दसऱ्याला येऊन बसला. मिरची, टमाटर आणि मका हेही त्याच वाटेचे उतारू. आपण आम्हांला ज्या अननसापासून मुळाक्षरे शिकविली तोही अमेरिका खंडातलाच निघाल्यामुळे, आता 'अ'वरसुद्धा आपली मालकी निर्वेध राहिलेली नाही. हिने मात्र शरमून न जाता त्या बाईलाच खुर्चीवर बसविले आणि उरलेला तास मुलांच्या रांगेत बसून ऐकले. त्या दिवसापासून पालकांच्या समितीत हिचे नाव कायम झाले असून, कोणाचे कोणाशी बिनसले की फिर्याद आमच्या दिवाणखान्यात रुजू होते व चहाचा खर्च माझ्या खाती पडतो.

त्याच बाईने २ नोव्हेंबरला आम्हांला पितरांची आरास मांडायला शिकविले. त्या सुमारास येथे मृतात्मे घरी येतात अशी श्रद्धा असून, त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात आणि तसबिरीपुढे त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. आपला पितृपक्षच म्हणा, फक्त कावळ्याची अडवणूक नाही. आजोबांपुढे आम्ही भात ठेवला. आणखी काय आवडे, असे तिने विचारले. खर्रा, असे मी सत्य तेच सांगितले. त्याची कृती समजावून देत असता चुन्याचा उल्लेख येताच तिचा चेहरा उजळला, कारण येथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच त्याच्या रोट्या करतात. तिने लगबगीने घरचा चुना वाटीभर आणून आजोबांपुढे ठेवला. तंबाखू-सुपारीवाचून नुसत्या चुन्यावर आजोबांचे कसे भागणार, या चिंतेत मला रात्रभर झोप आली नाही.

बाबा, या देशात आपल्या विदर्भाचा एक मास्तर आमच्या कितीतरी आधी येऊन गेला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले. इंग्रजांच्या अमलात स्वदेशाची दारे बंद झालेला हा क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत आला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला, आणि तेवढ्यावर न थांबता त्याने गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभ्या केल्या, गव्हामक्याच्या जातींवर संशोधन केले. दिएगो रिवेराने शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना रंगविले आहे, असे सांगतात. मक्याच्या मायदेशी जाऊन मका शिकवायचा म्हणजे मूलच्या माणसाला धानाची रोवणी शिकविण्याइतकेच धाडस. तेथल्या शेतकऱ्याचे शिष्यत्व आधी पत्करल्याशिवाय ते कोणाला साधेल, असे मला वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले व १९६७ साली नागपुरास वारले. चापिंगोला त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला.

त्या पुतळ्यापुढे उभा असताना मला आठवली ती आपली भामरागडकडची शाळा. १९८२ साली चंद्रपुरातून फुटून निघालेल्या त्या सबंध जिल्ह्यात रेल्वेचे स्टेशन काय ते एकटे वडशाला, आणि घनदाट रानातल्या माडिया मुलांना 'आ आगगाडीचा' शिकवावा, अशी पुस्तकाची आज्ञा! आपण आगगाडी बाजूस ठेवून पोरांकडून 'एर' म्हणजे पाणी, 'मरा' म्हणजे झाड असे शिकून घेतले आणि मग पाटीवर मराठी काढली. त्याबद्दल वरच्या एका दप्तरातून लेखी खुलासा मागविण्यात आला, आणि खुलासा पोहोचण्यापूर्वीच बदलीचा हुकूम येऊन पोहोचला. त्याच कामगिरीबद्दल आपल्या सुनेला येथे लाकडी सन्मानफलक मिळाला आहे. तो तिने भिंतीवर लावलेला नाही. तो चुकीच्या पत्त्यावर आला, असे तिचे म्हणणे आहे.

तरी मेहेरबानी करून आपण त्या काळी केलेली माडिया शब्दांची वही झेरॉक्स काढून टपालाने पाठवावी. पुढील समारंभात हिला तोरणाऐवजी तीच मांडायची आहे. सोबत मायने मोहफुले घालू नयेत. जकातवाल्यांना त्यांचा उपयोग पटवून देण्याइतके आमचे स्पॅनिश अजून पक्के झालेले नाही.

आपला आज्ञाधारक