तळटीपवाला

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रत्येक कचेरीत एक तळटीपवाला असतो. चष्मा कपाळावर, चहा निवलेला, आणि दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत याचं सुरू: "तसं नाही ते." घरी फ्रिजवर त्याने चिठ्ठी लावलेली असते, 'दूध तापवण्यापूर्वी गॅस चालू असल्याची खात्री करावी.' बायको हसत नाही. तिने लग्नपत्रिकेतलीही तळटीप वाचलेली आहे.

महिनाअखेरीला त्याला बहर येतो. पगाराचं मशीन डिस्कसाठी ताटकळतंय आणि शेजारचं चाचणीचं मशीन तिच्यावर ठाण मांडून बसलंय. एखादा उत्साही पोरगा मशीनं सांभाळणाऱ्या लिबव्हर्टला आज्ञा देतो: डिस्कच्या वाटपात पगाराला वजन १०००, चाचणीला १००. आज्ञा मुकाट्याने स्वीकारली जाते. फरक शून्य. पोरगा पुन्हा १००० देतो, पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल म्हणून.

"डिस्कच्या विनंत्यांची रांग लावणारा शेड्यूलर कुठला आहे, बघितलास?" तळटीपवाला विचारतो.

डिस्कची शेड्यूलर-फाइल उघडली की उपलब्ध शेड्यूलरांची यादी दिसते. चालू असलेला चौकटी कंसात. कंसात डेडलाइन. तो विनंती किती वेळ रखडली ते बघतो, कुणाचं वजन किती ते नाही. वजन मानणारा सीएफक्यू बाहेर बसलेला. "यजमान पंगतीत ओरडतोय, जावईबापूंना तूप वाढा म्हणून," तळटीपवाला खुलतो, "आणि वाढपी ठार बहिरा!"

"पण माझ्या टेबलावरच्या मशीनवर चाललं होतं..."

या वाक्यासाठीच तर तो जगतो. रेड हॅट ७ साटा डिस्कला आपणहून सीएफक्यू देतं, बाकीच्यांना डेडलाइन. टेबलावर साटा, सर्व्हरला सॅस. "माझ्या दस्तऐवजाचं पान ४, तळीची ओळ. आणि शेड्यूलर हाताने बदललास तर रीबूटनंतर पुन्हा पहिला येतो. पान ५."

पान ४ कुणीच वाचलेलं नसतं. खरं सांगायचं तर त्याचं लिखाण वाचवतही नाही. पण गुन्हेगार तो नव्हे. 'माझं इथं कुणी ऐकत नाही' एवढं त्या आज्ञेनेच सांगितलं असतं, तर हा माणूस केव्हाच सुखाने कविता करू लागला असता.

पुढे २०१९ मध्ये लिनक्सच्या कर्नल ५.० मधून सीएफक्यू काढून टाकला. आम्ही सांत्वनाला गेलो, तर स्वारी खुशीत! वजन लिहायची जुनी फाइलच नाहीशी झालेली. वजन मानणारा दुसरा शेड्यूलर बीएफक्यू २०१७ मध्येच ४.१२ मधून आलेला, त्याची फाइल वेगळी. म्हणजे नवी आवृत्ती! दस्तऐवज फुगला, परिशिष्टं आली.

साहेबांनी हात जोडले, "निदान पहिल्या पानावर एका ओळीत सारांश टाका हो."

त्याने टाकला: 'तळटीपा पाहाव्यात.'