उड्डाणाआधीचे विधी

हल्ली लग्नात घोड्याइतकाच मान ड्रोनला असतो. घोडा बिथरला तर दोन माणसं लगामाला लटकतात. ड्रोन बिथरला की अख्खा मांडव माना वर करून नुसतं "अरे अरे अरे" म्हणतो. त्याला तरंगत खाली यायची सोय नाही. चार पंखे फिरताहेत तोवर विमान, थांबले की धोंडा. आणि खाली नेमकी जिलब्यांची कढई.

माझा भाचा लग्नांचं शूटिंग करतो. उडवण्याआधीची त्याची तपासणी पाहिली की भटजीसुद्धा जरा सैल वाटू लागतात. पंख्यांच्या कडांना तडा गेलाय का, हे तो बोट फिरवून बघतो. मग बॅटरी आत सारतो आणि 'खट्' आवाज येईपर्यंत कान लावून बसतो. या 'खट्'ला इतिहास आहे. गोप्रो कंपनीचा 'कर्मा' ड्रोन २०१६च्या २३ ऑक्टोबरला विक्रीला आला आणि १६ दिवसांत सुमारे २५०० नग परत मागवावे लागले, कारण उडता उडता त्यांची वीजच जायची. दोष निघाला बॅटरी धरून ठेवणाऱ्या खटक्यात. नाव ठेवताना एखाद्या मराठी माणसाला विचारायला हवं होतं.

डीजेच्या भिंतीजवळ होकायंत्र गडबडतं. मग भाचा ड्रोन दोन्ही हातांत धरून मोकळ्या जागी स्वतःभोवती फिरतो. एका लग्नात ते पाहून नवरीच्या आजीने लांबूनच नमस्कार केला.

पण त्याचा खरा शत्रू चातुर्मास. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतात आणि बॅटऱ्या कपाटात पडून राहतात. लिथियमच्या बॅटरीला पोटभर खाऊन झोपणं सोसत नाही. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट; निजवायची तर ३.८च्या आसपास, म्हणजे अर्धपोटी. नव्या बॅटऱ्या काही दिवसांनी आपण होऊन थोड्या रित्या होतात, जुन्यांना तेवढी अक्कल नाही. आणि स्टुडिओच्या मालकाचं म्हणणं, "फुल भरून ठेव, साखरपुड्याची ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही." साखरपुडा येत नाही. कार्तिकात कपाट उघडावं तर आत उपासाला बसलेल्या सगळ्या जणी टम्म फुगलेल्या!

तशी एक परवा एका लग्नात निघाली. भाच्याने ती टेबलावर ठेवून टिचकी मारली. सपाट पोटाची बॅटरी जागीच बसते, ही गरकन फिरली. त्याने ती बाजूला काढली. दुसरी लावून ड्रोन उडवला आणि ती तीस टक्क्यांवर आली तसा उतरवलाही, कारण हे टक्के म्हणजे निव्वळ अंदाज असतो. एक सेल जरी म्हातारा निघाला तरी तिशीवरून शून्यावर यायला वेळ लागत नाही. थंडी असेल तर त्याहून कमी. नवरी नेमकी तेव्हाच मंडपात शिरत होती.

वरपिता तरातरा आले. "अहो, तीस टक्के होते की! आमचा मुलगा पस्तिसावर पास झालाय, काही बिघडलं का त्याचं?"

भाचा गप्प. त्यांची नजर बाजूच्या बॅटरीवर गेली. "मग ही लावा. चांगली टम्म भरलेली दिसतेय."

भाच्याने ती अलगद उचलली, मांडवामागे नेली आणि वाळूच्या बादलीत ठेवली. वरपिता मागोमाग गेले, बादलीत डोकावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "यात किती वेळात चार्ज होते?"