सगळे पार्ट ओके आहेत

असेंबल्ड कॉम्प्युटरच्या बिलात आठ ओळी असतात आणि जबाबदारी त्यांतल्या एकाही ओळीत नसते. प्रोसेसरला तीन वर्षं, मदरबोर्डला तीन, एसएमपीएसला पाच, रॅमला तर ‘लाइफटाइम’. कुणाच्या हयातीपर्यंत, ते शेठ सांगत नाहीत. पण हे सगळं स्क्रूने एकमेकांना जोडल्यावर जी वस्तू तयार होते, तिला वाली कुणी नाही. कंपनीचा आयता कॉम्प्युटर बिघडला तर भांडायला निदान एक पत्ता असतो. असेंबल्ड बिघडला की सोसायटीतल्या गळतीसारखं होतं. पाणी टपकतं आपल्या छतातून, पण वरचे म्हणतात आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, त्यांच्या वरचे म्हणतात आम्ही तर महिनाभर गावाला होतो, आणि कमिटी म्हणते टाकीचा काही संबंध नाही. सगळ्यांचं खरं असतं आणि आपण खाली बादली लावून बसलेले असतो.

माझ्या कॉम्प्युटरला जडलेला रोग आपोआप रीस्टार्ट होण्याचा होता. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, साधा बीपसुद्धा नाही. चालू पानावरून थेट काळोख, मग मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह, मग ‘वेलकम’. जणू मीच कुठे बाहेर गेलो होतो.

मी डीटीपी करतो. पावसाळा लागला की दिवाळी अंकांची पानं यायला लागतात आणि गणपतीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. लोक विचारतात, ऑटोसेव्ह नाही का? आहे. तो दहा मिनिटांनी सेव्ह करतो. कवी दर तीन मिनिटांनी फोन करतात.

पार्ट मी लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली मुंबईची गव्हर्नरकी सोडून गेले, पण टॅक्सीवाल्याच्या तोंडून अजून गेलेले नाहीत. पुण्याच्या भाच्याने यादी व्हॉट्सअपवर पाठवली होती. तीत प्रोसेसरवर चार ओळी होत्या, ग्राफिक कार्डवर एक निबंध होता आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, ‘कॅबिनेट कुठलंही चालेल.’ तेव्हा शेठनी उरलेल्या पैशांत बसणारं कुठलंही काढलं. एका बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे. “साहेब, रात्री लाइट बंद करून बघा,” ते म्हणाले. ते खोकं मांडीवर घेऊन ग्रँट रोडहून दादर, आणि दादरहून स्लो लोकलने डोंबिवली. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, “मिक्सर का?”

पहिला तपास भाच्यानेच केला, पुण्याहून, स्क्रीन शेअर करून. विंडोज घडेल ते सगळं इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत लिहून ठेवते. ती उघडली तर लाल चिन्हांची रांग: क्रिटिकल, कर्नेल-पॉवर, इव्हेंट ४१. मजकूर असा की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते अडकलं असेल, कोसळलं असेल किंवा अचानक वीज गेली असेल. एवढं मला खुर्चीत बसूनही दिसलं होतं. खाली बगचेक कोडपुढे शून्य. हे शून्य म्हणजे काहीच घडलं नाही असं नव्हे. जे घडलं ते लिहून ठेवायला विंडोजला सवडच मिळाली नाही, असा त्याचा अर्थ. बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करण्याच्या चौकोनातली खूणही भाच्याने काढून टाकली, निदान निळा स्क्रीन तरी थांबेल म्हणून. तो आलाच नाही.

“मामा, हे चांगलं लक्षण आहे,” भाचा म्हणाला. “सॉफ्टवेअर निर्दोष आहे.”

आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या मुलाला हे मान्य नव्हतं. तो दारातून आत येतानाच “काका, फॉरमॅट मारू?” म्हणाला. नको म्हटल्यावर जरा हिरमुसला आणि रॅमकडे वळला. रॅमवर आपल्या देशात एकच उपचार चालतो: पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची आणि क्लिक असा आवाज येईपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. हसण्यासारखं नाही ते, दातांवरचा मळ खरोखर निघतो. मुलाने माझ्या मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं. त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. रॅम घासून झाल्यावर खोलीभर स्ट्रॉबेरी दरवळली आणि कॉम्प्युटर वेलकमपर्यंत येऊन पुन्हा गेला.

मग मेमटेस्ट ८६ लावला. हा प्रोग्राम १९९४ पासून जगभरच्या रॅमवर संशय घेत आला आहे. पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालतो, रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचता येतंय का ते बघतो. सकाळी चहा घेऊन पाहिलं तर एरर शून्य. रॅम सुटली. तिचा वेग एक्सएमपी काढून कमी करून पाहिला, तरी फरक नाही. तापमान पाहिलं, तेही बेताचं. शिवाय प्रोसेसर फार तापला तर आधी मंदावतो आणि मग ठप्प बंद होतो. हा तर उत्साहाने पुन्हा सुरू होत होता.

राहिला एसएमपीएस, आणि त्याच्यावर सगळ्यांचाच दात. शेजारचे नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. ते मल्टिमीटर घेऊन आले, हातात रबरी मोजे घालून. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. आमचे १२.०८ भरले. नानांनी मान डोलावली. भाच्याने फोनवरून आक्षेप घेतला: मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा डोळे उघडतो, आणि व्होल्टेजची डुबकी सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात मारून होते. एसएमपीएसच्या जुडग्यात एक राखाडी वायर असते. सगळे व्होल्टेज जागेवर आहेत असा निरोप ती मदरबोर्डला देत राहते. निरोप क्षणभर थांबला की मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये ढकलतो. लक्षणं तंतोतंत जुळत होती. त्यामुळे नवा एसएमपीएस आला, आणि नव्या एसएमपीएसवर कॉम्प्युटर अधिक जोमाने रीस्टार्ट झाला. जुनाही निर्दोष निघाला, पण त्याची सुटका मला साडेचार हजारांना पडली.

तपासाला दिशा दिली आईने. ती हॉलमध्ये दुपारची मालिका बघत होती. तिथूनच म्हणाली, “धुण्याचं मशीन गरगरायला लागलं की तुझं हे डोळे मिटतं.”

नाना उभेच राहिले. “लोड!” ते म्हणाले. मोटर सुरू होताना करंट खेचते, लाइन दबते, अर्थिंग कच्चं असलं की झालंच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये, आमच्याकडे चार दिसत होते. जुन्या पद्धतीच्या अर्थिंगमध्ये खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात. माती सुकली की विजेला जमिनीत शिरायला वाट नीट मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं. हे शास्त्र पक्कं आहे. फक्त महिना जुलैचा होता. नाना एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मिठाच्या पाण्याची बादली घेऊन, धो धो पावसात सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत उभे राहिले. “पावसाचं पाणी वरवरचं असतं,” त्यांनी खिडकीतून बघणाऱ्या सेक्रेटरींना खालून ओरडून सांगितलं.

चारचे अडीच व्होल्ट झाले. रीस्टार्ट तसाच. मग वॉशिंग मशीनची पिन काढून स्वयंपाकघरातल्या वेगळ्या लाइनवर लावली. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड हॉलमधून नेला, त्यात पाय अडकून मुलगी पडली आणि बायकोने तपासकामावर पहिल्यांदा जाहीर मत दिलं. ते इथे छापत नाही. वेगळ्या लाइनवरही मशीन फिरलं की कॉम्प्युटर गेला. आता नानांचीही मती गुंग झाली. आईचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आणि त्यातून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चूक, अशी अवस्था.

शेवटी त्या मुलाने कॅबिनेट रिकामं केलं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर आडवा ठेवला, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. पॉवरचं बटन नव्हतंच, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवल्या आणि पंखा फिरायला लागला. पलीकडे वॉशिंग मशीन रिकामंच फिरवलं. संध्याकाळ झाली, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो, कॉम्प्युटर हू की चू न करता चालत होता.

“काका, सगळे पार्ट ओके आहेत,” मुलगा म्हणाला. मला त्याला उचलून खिडकीबाहेर ठेवावंसं वाटलं.

त्याने सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवलं, टेबल भिंतीला सरकवलं, सुरू केलं. भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनीत मशीन स्पिनला लागलं आणि स्क्रीन काळा. मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने कॅबिनेटच्या डोक्यावर हलकेच एक टपली मारली. रीस्टार्ट. वेलकम आल्यावर दुसरी टपली. रीस्टार्ट. तो खो खो हसायला लागला.

पॉवरच्या बटनाखाली तांदळाच्या दाण्याएवढं एक बटन होतं, रीसेटचं. त्याची स्प्रिंग मेली होती. बटन अर्धवट आत जाऊन बसलं होतं आणि जरा हादरा बसला की उरलेलं काम पूर्ण करत होतं. त्याच्यामागे दोन बारीक वायरी मदरबोर्डवरच्या दोन पिनांपर्यंत जातात. त्या क्षणभर जुळल्या की मदरबोर्ड कुणालाही न विचारता पहिल्यापासून सुरू करतो. मिनिटाला सातशे फेऱ्यांनी फिरणारं मशीन विजेतून काहीच करत नव्हतं; ते भिंत हलवत होतं. बिलातली वॉरंटी नसलेली एकमेव ओळ ती हीच, कॅबिनेटची.

मुलाने रीसेटची वायर उपटली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि शंभर रुपये मागितले. मी शेठना फोन केला. “साहेब, हल्ली रीसेट दाबतं कोण?” ते म्हणाले. भाच्याने मला कॅबिनेट नेहमी चांगलं घ्यावं असा सल्ला दिला. नाना अजूनही रविवारी बादली घेऊन खाली जातात.

जुना एसएमपीएस विकायला काढला. जाहिरातीत फोटो टाकला, वॉरंटी शिल्लक आहे, काहीही दोष नाही, असं लिहिलं. पहिला फोन कल्याणहून आला.

“चालू आहे ना?”

“एकदम.”

“मग काढला कशाला?”

खरं बोलणारा माणूस इथेच अडकतो. मी त्याला सगळं सांगितलं: इव्हेंट ४१, राखाडी वायर, ड्राय बाल्कनी, टपली. तो शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर थोडा थांबला.

“काका,” तो म्हणाला, “पण तुम्ही अर्थिंग बघितलंत का?”