गप्प बसणाऱ्या टॅपेटास खुले पत्र

घट्ट टॅपेटा,

तुझी ख्यालीखुशाली विचारणार नाही, कारण तू मजेत असतोस तेव्हा माझ्या बाकावर हेड उतरलेलं असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून तुकडा उडालेला असतो आणि आरोप भलत्याच कुणावर तरी झालेला असतो. पेट्रोलात भेसळ होती, सीएनजी किट स्वस्तातलं होतं, ड्रायव्हरने घाटात गाडी ताणली, नाहीतर गाडीचं वयच झालं होतं. तुझं नाव कुणीच घेत नाही. तू आवाज करत नाहीस, आणि आपल्याकडे इंजिनची तब्येत कानाने ठरते. हे पत्र उघड लिहितोय ते यासाठी की, ज्यांच्या इंजिनात तू दडून बसला आहेस त्यांनीही ते वाचावं.

तुझी जागा आधी सांगतो. कॅम फिरतो, तुझ्यामार्फत व्हॉल्व्हला दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचा उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग त्याला परत सीटवर बसवते. कॅम आणि व्हॉल्व्ह या दोघांच्या मध्ये कारखान्याने मुद्दाम फट ठेवलेली असते. आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, पण साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा जास्त. ती जास्त का, हे ज्याला समजलं त्याला तुझा सगळा उद्योग समजला. पोलादाचा दहा सेंटिमीटर लांब दांडा शंभर अंशांनी तापला की दशांश-दीड दशांश मिलिमीटरने लांबतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर त्याहून कितीतरी अधिक तापतो. हेडही तापून थोडं वाढतं, पण व्हॉल्व्हइतकं नाही. लांबलेल्या दांड्याला मागे सरकायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच ती फट. तू ती खाऊन टाकतोस. मग गरम इंजिनात व्हॉल्व्हची शेपूट कॅमला टेकते आणि त्याचं डोकं सीटपासून केसभर वर लटकत राहतं.

केसभरच. पण सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा ज्वालेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर असतं. इनलेट व्हॉल्व्हला निदान आत येणाऱ्या ताज्या हवेचा गारवा मिळतो. एक्झॉस्टच्या वाट्याला फक्त बाहेर पडणारा जाळ येतो. भरल्या गाडीने कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना त्याचं डोकं सातशे अंशांच्या पुढे जाऊन लालभडक होतं. तरीही तो लाखो किलोमीटर टिकतो, कारण त्याला सीटवर टेकायला मिळतं. त्याच्या डोक्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते. उरलेली दांड्यातून गाइडमध्ये उतरते. ३,००० आरपीएमला तो सेकंदाला २५ वेळा उघडतो, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद. त्यातले सुमारे २५ मिलिसेकंद तो सीटवर असतो. तेवढ्यात त्याने थंड व्हायचं. तू नेमके तेच मिलिसेकंद चोरतोस.

एकदा व्हॉल्व्ह नीट टेकेनासा झाला की पुढचं काम जाळच करतो. कडेच्या एका बारीक फटीतून जळता वायू प्रचंड दाबाने निसटतो आणि गॅस कटरने पत्रा कापावा तशी ती कड कापत जातो. फट रुंदावते, जास्त वायू निसटतो, कड आणखी तापते. शेवटी कडेला पाचरीसारखी खाच पडते. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप मेलेला असतो आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. एका व्हॉल्व्हपायी कन्व्हर्टरही जातो, आणि त्याची किंमत ऐकून मालक खाली बसतो.

व्हॉल्व्हच्या या चकतीसाठी माणसांनी किती डोकं लावलंय, ते तुला ठाऊक असायला हवं. एलवुड हेन्स या अमेरिकन धातुतज्ज्ञाने १९०७ साली कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. तोच स्टेलाइट पुढे व्हॉल्व्हच्या कडेवर चढवला गेला. १९२० च्या दशकात सॅम हेरन या इंजिनिअरने विमानाच्या इंजिनांसाठी पोकळ दांड्यात सोडियम भरला. सोडियम ९८ अंशांच्या आसपास वितळतो, दांड्यात खालीवर हिंदकळतो आणि डोक्याची उष्णता दांड्याकडे वाहून नेतो. पुढे क्रोमियम, मँगेनीज, निकेल आणि नायट्रोजन मिसळलेलं खास व्हॉल्व्ह-पोलाद आलं. शंभर वर्षांहून जास्त काळची ही मेहनत तू पाव मिलिमीटर हडपून मातीत घालतोस. टेकायलाच मिळालं नाही, तर कुठलाही धातू वाचत नाही.

तू येतोस कुठून, हेही उघड करतो. लोक समजतात की इंजिन झिजलं म्हणजे सगळं ढिलं होणार. कॅम किंवा रॉकरची टोकं झिजली तर फट वाढते, टॅपेट टिकटिक करतात आणि मालक स्वतःहून गॅरेजला येतो. पण व्हॉल्व्ह सीटवर रोज लाखो वेळा आपटतो, सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसू लागतो. तो जितका खोल जाईल तितकी त्याची शेपूट वर येते आणि फट तितकी कमी होते. म्हणजे झीज वाढते आणि आवाज कमी होतो. जास्त चाललेल्या गाडीत तू असा येतोस, पावलांचा आवाज न करता.

तुझ्यासाठी वाट मोकळी कशी झाली, तेही नोंदवायला हवं. अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाच्या हाताखाली डिसेंबर १९२१ मध्ये पेट्रोलात शिसं घालून इंजिनची नॉकिंग थांबवायची रीत सापडली. जळलेल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि व्हॉल्व्ह व सीट या दोन तापलेल्या धातूंना एकमेकांना चिकटू द्यायचा नाही. ते शिसं माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या रक्तात जात होतं, म्हणून ते काढलं, आणि काढायलाच हवं होतं. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. नव्या गाड्यांच्या सीट कठीण धातूच्या होत्या. ज्यांच्या सीट थेट ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कापलेल्या होत्या, त्या ब्रिटिश घडणीच्या जुन्या इंजिनांचं संरक्षण मात्र गेलं. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. अशा इंजिनांत तुझं फावलं.

मग सीएनजी आला. मुंबईची हवा सुधारण्यात त्याचा वाटा आहे, आणि टॅक्सीवाल्याचा दिवसाचा खर्च त्याने आवाक्यात ठेवला. मी त्याच्या बाजूचाच आहे. पण तो कोरडा वायू आहे. सीटवर पेट्रोलाइतकाही ओलावा तो ठेवत नाही. शिवाय मिथेनची ज्वाला पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते. इग्निशन टायमिंग त्या हिशोबाने पुढे घेतलं नाही, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत जाळ चालूच असतो. म्हणून सीएनजीसाठी नीट बांधलेल्या इंजिनात सीट आणि व्हॉल्व्ह कठीण धातूचे घालतात. पेट्रोलच्या साध्या हेडवर बाहेरून किट बसवलं, टायमिंगला हात लावला नाही आणि टॅपेट तपासायची मुदत पेट्रोलचीच ठेवली, की तुला आमंत्रण गेलंच. दोष वायूचा नसतो. त्याच्या मागून येणाऱ्या कामाला ज्याने फाटा दिला, त्याचा असतो.

तुझे साथीदारही बोलावतो. तू एकटा आहेस, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिला, पातळ मिश्रण: इनटेकच्या फाटक्या पाइपमधून आलेली चोरटी हवा किंवा चोंदलेला इंजेक्टर एक्झॉस्टचं तापमान वाढवतो. दुसरा, मागे पडलेलं टायमिंग. तिसरा, कार्बन: ऑइल सील कडक झालं की ऑइल दांड्यावरून खाली उतरतं, जळतं, त्याचा खडा कडेखाली अडकतो आणि व्हॉल्व्ह तुझ्याशिवायही उघडा राहतो. चौथा, ढिला गाइड: व्हॉल्व्ह तिरका बसतो आणि सीटच्या एकाच बाजूला टेकतो. पाचवा, एकदा उकळून वाकलेलं हेड: त्यात सीटचा गोलावाच बिघडतो. सहावा लेथवाला आहे: जुना व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा घासून त्याची कड सुरीसारखी पातळ करतो आणि तोच परत बसवतो. पातळ कडेला उष्णता साठवायलाही जागा नसते आणि पुढे सोडायलाही, त्यामुळे ती आधी जळते. हे सगळे खरे गुन्हेगार आहेत. पण त्यातले बहुतेक काहीतरी खूण सोडतात: धूर, उकळणं, चेक इंजिनचा दिवा. तू काहीच सोडत नाहीस.

तुझा सर्वांत मोठा आश्रयदाता मात्र यंत्र नाही, माणूस आहे. गाडी आली, टॅपेट वाजताहेत, मालकाला आवाज नको. मग फट मोजायची पट्टी, म्हणजे फीलर गेज, न लावता पाना घेऊन फिरवायचं, आवाज बंद होईपर्यंत. मालक खूष, पैसे मिळाले, इंजिन मखमलीसारखं. काही ठिकाणी तर थंड आणि गरम इंजिनच्या मापांची गल्लत करतात. आमच्याच धंद्यातल्या माणसांना मी हे लिहितोय आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही: आवाज बंद करणं ही दुरुस्ती नव्हे. किंचित वाजणारा टॅपेट व्हॉल्व्हला टेकू देतो. कसून गप्प केलेला टॅपेट त्याला जाळतो. ज्याने आवाजाचे पैसे घेऊन फट बुजवली, त्याने पुढच्या हेडच्या खर्चाची चिठ्ठी मालकाच्या खिशात आधीच घालून ठेवली.

आणि तो खर्च कोण भरतो? नाशिक-पुणे फेऱ्या मारणारा, हप्त्यावर गाडी घेतलेला ड्रायव्हर भरतो. हेड उतरणार, गॅस्केट जाणार, व्हॉल्व्ह नवा, सीट कापायची, लॅपिंग करायचं आणि तोवर गाडी उभी. गाडी उभी म्हणजे कमाई बंद, हप्ता मात्र चालू. हे सगळं एका पट्टीने टळलं असतं. तुझ्यावरचा माझा राग यंत्राच्या प्रेमापोटी आहे, पण त्याहून जास्त या माणसापोटी आहे.

तुला पकडता येतं, हे आता सगळ्यांना सांगतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरायचा: निरोगी इंजिन तो एकसारखा बाहेर ढकलतं, जळलेला व्हॉल्व्ह अधूनमधून त्याला आत ओढतो. मग कॉम्प्रेशन मोजायचं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. खात्री हवी असेल तर पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना त्या सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची. सायलेन्सरमधून सूं आवाज आला की एक्झॉस्ट, इनटेककडून आला की इनलेट, ऑइलच्या झाकणातून आला की रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की गॅस्केट.

पण तोपर्यंत तुझं काम झालेलं असतं. तुला आधीच गाठायचं, तर कान सोडून हातात फीलर गेज घ्यावं लागेल. म्हणून ही माझी मागणी, तुझ्याकडे नाही, वाचणाऱ्या प्रत्येक मालकाकडे. गाडीच्या पुस्तकात टॅपेट तपासायची जी मुदत दिली आहे ती पाळा. गाडी सीएनजीवर चालत असेल आणि एक-दोन लाख किलोमीटर झाले असतील, तर मुदतीआधी तपासा. तुमच्या गाडीत हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर असतील तर ही फट ते स्वतः सांभाळतात. ऑइल वेळेवर बदला, एवढंच तुमचं काम. नसतील, तर मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा: इंजिन पुस्तकात सांगितलं तसं थंड किंवा गरम होतं का? प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा किती आला? मागच्या वेळी किती होता? उत्तरं तोंडी नको. प्रत्येक सिलिंडरचा इनलेट आणि एक्झॉस्ट आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहून घ्या. ज्या एक्झॉस्टचा आकडा प्रत्येक वेळी थोडा थोडा कमी येतोय, तिथे तू बसला आहेस. पाना फिरवून किंवा शिम बदलून फट पुन्हा मापात आणली की व्हॉल्व्ह वाचतो. आकडे फार वेगाने घटत असतील तर सीट बसत चालली आहे, आणि हेडचं काम रस्त्यात बंद पडून करण्याऐवजी स्वतः ठरवलेल्या दिवशी करता येतं.

टॅपेटा, तुला भीती कशाची आहे, ते मला माहीत आहे. पाव मिलिमीटरच्या एका पट्टीची, आणि वहीतल्या त्या आकड्यांची. यापुढे माझ्या गॅरेजमधून कुठलीही गाडी ते आकडे लिहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

तुझा कधीच नसलेला,
एक मेकॅनिक