आधी जेवण, मग थिबा

रत्नागिरीत हौसेने येणारी माणसं ही अलीकडची गोष्ट. पूर्वी इथे माणसं पाठवली जात. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेच्या गादीवरून उचललं आणि मद्रासमार्गे 1886 मध्ये आमच्या किनाऱ्यावर आणून सोडलं. 1924 मध्ये सावरकरांची सुटका झाली तीही जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही या अटीवर. सरकारचा हिशोब सोपा होता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, पावसाळ्यात आगबोटी बंद. माणूस इथे आणून ठेवला की कुलपाचा खर्च वाचला. पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि या धोरणाला तडा गेला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण मात्र 2011 पासून ते धोरण इमानेइतबारे राबवतंय.

तरीही पाहुणे येतात. दिवाळी उरकली की आमचे साडूभाऊ पुण्याहून सहकुटुंब येतात. सहकुटुंब म्हणजे त्यांच्या मातोश्री, मेहुणीबाई, दोन मुलं आणि मोबाईलवर उतरवून घेतलेली एक यादी. यादीत डावीकडे स्थळं असतात, उजवीकडे हॉटेलं. उजवी बाजू नेहमी लांब भरते. गाडीतून उतरल्यावर, पाय पूर्ण जमिनीला टेकायच्या आत, साडूभाऊ विचारतात, "काय हो, जेवायला चांगलं कुठे?" घरात आमच्या सौ.ने सकाळपासून वाल सोलून डाळिंब्यांची उसळ टाकलेली असते. ती यादीत नसते.

मग कार्यक्रम ठरतो. नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिला इतिहास म्हणतात. तो भूक लागण्यापुरताच बघायचा.

पहिला नंबर अर्थात थिबा राजवाड्याचा. राजा आला तेव्हा ऐन सत्ताविशीत होता. सोबत दोन राण्या, मुली, नोकरचाकर. म्हणजे रत्नागिरीची पहिली फॅमिली ट्रिप तीच, फक्त परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. राहायची सोय बंगल्यांत. हा मनासारखा वाडा उभा राहायला 1910 उजाडलं. चोवीस वर्षं खोली मिळायची वाट पाहायची आणि मिळाल्यावर सहा वर्षांत, 1916 च्या डिसेंबरात, मरून जायचं. आमच्या पाहुण्यांना हॉटेलात टेबलासाठी वीस मिनिटं थांबावं लागलं तर ते मालकाला बोलावून घेतात. राजवाड्यात मी हे सगळं पोटतिडकीने सांगत होतो. साडूभाऊंनी लाकडी कोरीवकामाच्या अर्धगोल खिडक्यांकडे पाहून मान डोलावली आणि विचारलं, "इथे कॅन्टीन नाही ठेवलं?"

राजाची समाधीही याच शहरात आहे. पाहुण्यांना मी तिचं नाव सुचवून पाहतो. "वाटेत आहे का?" असा प्रश्न येतो. कशाच्या वाटेत, ते विचारायचं कारण नसतं. समाधी कुठल्याही थाळीच्या वाटेत नाही, म्हणून राहते. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मात्र तिथे येऊन गेले. त्यांना बिचाऱ्यांना सुरमईचं कुणी सांगितलं नसावं.

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. इथे साडूभाऊंची छाती पुण्याच्या वतीने फुगते. टिळक पुण्याचेच, जन्माला तेवढे इकडे आले, असा त्यांचा सूर. वस्तुस्थिती अशी, की 23 जुलै 1856 ला जन्मलेलं हे पोर दहा वर्षांचं होईपर्यंत इथेच होतं. 1866 मध्ये शिक्षक वडिलांची बदली झाली म्हणून पुण्याला गेलं. पण खरी गंमत पुढे आहे आणि ती कुणी ऐकून घेत नाही. इंग्रजांनी 1908 मध्ये टिळकांना शिक्षा देऊन धाडलं कुठे, तर मंडालेला! 1914 पर्यंत ते तिथे. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा टिळक मंडालेत, दोघेही एकाच वेळी, एकाच यजमानाच्या खर्चाने. इकडे थिबा नव्या महालात राहत होता तेव्हा तिकडे टिळक तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत होते. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "बाबा, भूक."

तर आता हॉटेल.

दारावरच पाटी: 'अस्सल मालवणी जेवण'. मालवण इथून दोन-अडीचशे नाही तरी चांगलं दीडशे किलोमीटर लांब. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. वाटणीत आमच्याकडे वरचा भाग राहिला आणि चव नावासकट त्यांच्याकडे गेली. तेव्हापासून रत्नागिरीकर स्वतःच्या गावात, स्वतःच्या खाडीतली मुळं नि तिसऱ्या मालवणच्या नावावर विकत घेऊन खातो. पाहुण्यांना याचं काही नाही. त्यांना पाटीचा फोटो हवा असतो.

मेन्यूकार्ड म्हणजे भारताच्या एकात्मतेचा पुरावा. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, गोबी मंचुरियन, शेझवान राईस आणि शेवटच्या पानावर, लाजत उभी असलेली सोलकढी. कुळथाचं पिठलं नाही, घावने नाहीत, फणसाच्या कुयरीची भाजी तर कुणाच्या स्वप्नातही नाही. मुलांनी नूडल्स मागवल्या. मेहुणीबाईंनी पनीर. "कोकणात येऊन पनीर?" मी विचारलं. "तेवढं कुठेही सारखं लागतं," त्या म्हणाल्या. उत्तर बिनतोड होतं.

साडूभाऊ मासेखाऊ. त्यांची चौकशी सविस्तर असते. ताजा आहे ना? आजचा की कालचा? वाढणारा पोरगा नेपाळहून आलेला, त्याने शांतपणे "एकदम ताजा" म्हटलं. हेच साडूभाऊ एकदा जुलैत आले होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, मिरकरवाड्याला होड्या ओळीने शाकारून ठेवलेल्या असतात. तेव्हाही ते हेच विचारत होते आणि तेव्हाही उत्तर "एकदम ताजा" हेच होतं. समाधान दोन्ही वेळा सारखंच झालं. किमतीच्या रकान्यात सुरमईसमोर आकडा नव्हता, 'मापाप्रमाणे' होतं. कुणाचं माप, ते बिलात कळतं.

पण सगळ्यात मोठा सोहळा जेवणाआधीचा: बसायचं कसं. मातोश्री म्हणाल्या, "मासे खाणारे त्या टोकाला. मध्ये निदान दोन खुर्च्या सोडा. आणि आमचं वाढणारा वेगळा असू दे." मग हळूच, पण अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा बेताने, "स्वयंपाकी कोण आहे इथे?"

थोड्याच वेळापूर्वी आम्ही पतितपावन मंदिरात जाऊन आलो होतो. सावरकरांच्या पुढाकाराने, भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून 1931 मध्ये बांधलेलं, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत खुलं. भागोजीशेठ गरिबीतून वर आलेले भंडारी कंत्राटदार. मातोश्रींनी तिथे अकरा रुपये टाकून मनापासून नमस्कार केला होता. त्याच सावरकरांनी 1933 मध्ये या गावात अखिल हिंदू उपाहारगृह काढलं. हिंदूंपुरतं का होईना, पण कुठल्याही जातीच्या माणसाने येऊन शेजारी शेजारी बसावं आणि महार माणसाच्या हातचा चहा प्यावा म्हणून. भेटायला येणाऱ्याने आधी तिथला चहा घेऊन यावं असा त्यांचा आग्रह असे, असं सांगतात. रत्नागिरीतलं खरं ऐतिहासिक हॉटेल म्हणायचं तर ते. पण तिथे चहा मिळायचा, थाळी नव्हे, त्यामुळे आमच्या यादीच्या उजव्या बाजूलाही ते बसलं नसतं. मी मातोश्रींना हे सांगितलं. त्यांनी आदराने ऐकलं आणि खुर्ची आणखी थोडी अलीकडे ओढून घेतली.

जेवण झालं. बिल आलं. साडूभाऊंनी ते दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून. रत्नदुर्ग राहिला. बालेकिल्ल्यातली भगवती, दीपगृह, तीन बाजूंचा समुद्र, सगळं राहिलं, कारण भरल्या पोटी पायऱ्या चढू नयेत असं डॉक्टरांनी सांगितलंय. कोणत्या डॉक्टरांनी, ते विचारलं नाही. कातळशिल्पांचं नाव काढलं तर म्हणाले, "उन्हात दगड बघायला कोण जाणार?"

निघताना डिकी उघडून साडूभाऊंनी मोकळी जागा दाखवली. "हापूसच्या दोन पेट्या बसतील." नोव्हेंबरात. मी आंबापोळीची पाकिटं आणि कोकमं ठेवली.

"हे ठीक आहे," ते म्हणाले, "पण खरं म्हणजे मे महिन्यातच यायला हवं. आठ दिवस काढून. सगळं नीट बघायला."

"जरूर या," मी म्हटलं. "किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. मे महिन्यात आम्ही पुण्याला तुमच्याकडे असतो."