आपली पायरी

लखनौच्या हजरतगंजात आमची गाडी थांबली की आजूबाजूची दोन-चार माणसं आपोआप हात जोडायची. कारण असं, की आधी मी उतरायचो, डिकीतून चौरंग काढायचो, तो मागच्या दारापाशी फुटपाथवर मांडायचो आणि मग जरीकाठी साडी नि खांद्यावर शाल अशी आई माझ्या खांद्याचा आधार घेत सावकाश त्या चौरंगावर अवतरायची. एका फुगेवाल्यानं तर वाकून नमस्कारच केला. आईनंही त्याला आशीर्वाद दिला, मराठीत. "माताजी कहाँ से पधारी हैं?" त्यानं मला हळूच विचारलं. "दादर से," मी म्हणालो. त्याला ते एखादं तीर्थक्षेत्र वाटलं असावं.

चौरंगाचं मूळ आईच्या गुडघ्यांत. दोन्ही बदललेले. आणि मी हौसेनं घेतलेली एसयूव्ही जमिनीपासून इतकी उंच की आत पाय टाकायचा म्हणजे घोड्यावर मांड ठोकायची. डिसेंबरात आई तीन महिन्यांसाठी लखनौला आली आणि चारबाग स्टेशनच्या बाहेर तिनं गाडीकडे खालून वर पाहिलं.

"याला पायरी कुठाय?"

"नसते, आई."

"नसते कशी? ट्रामला होती. टांग्याला होती. एसटीला तर आहेच. आणि तुझ्या वीस लाखांच्या गाडीला नाही?"

ट्रामच्या बाबतीत आईशी वाद घालता येत नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा ती पाहायला आई गर्दीत उभी होती. तरी मी इंजिनिअर. मी तिला रनिंग बोर्डाचा इतिहास सांगितला, आणि इथेच चुकलो. म्हटलं, १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला दोन्ही बाजूंनी पुढच्या मडगार्डापासून मागच्या मडगार्डापर्यंत लांब फळी असायची. पुढे तिसाच्या दशकात गाड्यांची अंगं रुंदावली आणि त्यांनी ती फळी पोटात घेतली. फोक्सवॅगनच्या बीटलनं तेवढी २००३ मध्ये बंद पडेपर्यंत जपली. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे होती. तुम्ही ती काढलीत. आणि आता वेगळे पैसे घेऊन विकता."

यावर ऑटोमोबाईल क्षेत्राकडे उत्तर नाही.

या वस्तूला नावंही माणसागणिक वेगळी. कंपनीच्या यादीत रनिंग बोर्ड, इथल्या लालबागच्या दुकानांत साइड स्टेप, मिस्त्रीच्या तोंडी पायदान आणि आमच्या घरात पायरी. लालबागेत निम्म्या किमतीत चकचकीत माल मिळत होता, पण त्यासाठी गाडीला नवी भोकं पाडावी लागली असती. म्हणून कंपनीचीच मागवली. तिच्यासाठी गाडीच्या पोटाशी कारखान्यातच आटे पाडून, रबरी बुचं लावून भोकं तयार ठेवलेली असतात. काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, बसवायचे पंधराशे, आणि नंबर अकरा दिवसांनी.

पंधराशे! सहा ब्रॅकेट आणि मोजके बोल्ट. ट्रकच्या चासी जोडणाऱ्या माणसांवर देखरेख करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली अठरा पुण्यात. मी घरीच बसवीन म्हणालो. त्याआधीच्या वाक्यातला 'देखरेख' हा शब्द माझ्या फार उशिरा ध्यानात आला.

आम्ही राहतो गोमतीनगरात. इथल्या खंडांची नावं बहुतेक 'वि'ची: विनय, विराम, विशाल, विश्वास, विनम्र. आमचं घर विवेक खंडात. त्या रविवारी मी राहत्या खंडाला जागलो नाही, एवढंच.

जानेवारीचं लखनौ. कोहरा साडेदहापर्यंत हलला नाही. मग कोवळं ऊन पडलं तेव्हा गाडीखाली सतरंजी अंथरली, कानटोपी घातली आणि आत सरकलो. उंच गाडीचा तेवढा एक फायदा, जॅक लावावा लागत नाही. (जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जाऊ नये, अशी पाटी कारखान्यात मीच लावून घेतली होती.) बुचं काढली. एकेका भोकातून तीन पावसाळ्यांचा चिखल वाळून माझ्या डोळ्यांत आला. खोक्यातल्या कागदावर एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं. चित्रातला माणूस उभ्यानं हसत काम करत होता.

पंधरा मिनिटांत माझ्या पायांपाशी पायांची रांग लागली. गाडीखाली झोपलेल्याला जग चपलांवरून ओळखावं लागतं. लोकरी मोज्यांवर कोल्हापुरी चढवलेले पाय शेजारच्या वकीलसाहेबांचे. चहाच्या ग्लासाची सावलीही त्यांचीच.

"भाईसाहब, ख़ुद कर रहे हैं? वाह! क्या हुनर है।"

इथे पुणे आणि लखनौ यांतला फरक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्यात मी असा पडलो असतो तर पहिला जाणारा माणूस सायकलीवरून न उतरता "उलटं लावताय" एवढं बोलून निघून गेला असता. मला राग आला असता, आणि काम साडेअकराला संपलं असतं. लखनौत समोरच्याला चूक दाखवणं ही त्याच्या खानदानाची बेअदबी. इथे चुकीचं काम चाललं असेल तर त्याची तारीफ होते. आणि फारच चुकीचं असेल तर लोक म्हणतात, "आप बेहतर जानते हैं।" सहा वर्षं इथे राहून मला हे कळायला हवं होतं. अकराच्या सुमारास वकीलसाहेब हे वाक्य दोनदा बोलले.

बोल्ट बसवायची रीत अशी: सगळे आधी नुसते बोटानं फिरवून अडकवायचे. एकही आवळायचा नाही. सगळे आपापल्या जागी आले, फळी सरळ झाली, की मगच पाना लावायचा. एक आधी घट्ट केला की बाकीच्यांची भोकं रुसतात. म्हणजे प्रत्येक बोल्टानं शेजारच्याला 'पहले आप' म्हणायचं. यावरून रेल्वेगाडी सुटून गेलेल्या दोन नवाबांचा किस्सा तुम्हाला पाठ असेलच, तो सोडतो. माझा पहिला बोल्ट अडकला, दुसरा, तिसरा अडकला, चौथा कसाबसा अडकला. पाचव्याचं भोक आणि ब्रॅकेटचं भोक यांत बोटभर अंतर. डोक्याखाली सतरंजी होती, म्हणून ते आपटता आलं नाही.

"हो सकता है," वकीलसाहेब विचारपूर्वक म्हणाले, "गाड़ी ही ज़रा टेढ़ी बनी हो।"

मला ते पटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण पटलं. डोळ्यांपुढे भातखंडे आले. मराठी माणसानं या शहरात येऊन काय बसवायचं ते त्यांनी बसवून ठेवलं आहे. १९२६ साली इथे संगीताचं कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्या खटपटीनं, आणि इतके बेशिस्त राग त्यांनी अवघ्या दहा थाटांत बसवले. माझ्याच्यानं एक फळी बसेना. मी ब्रॅकेट खेचला, बोल्ट तिरका घातला आणि तेरा नंबरचा पाना लावून सगळा जोर एकवटला. बोल्ट अर्धा फेरा गोडीत फिरला, मग कर्र असा आवाज झाला, आणि त्यानंतर तो कितीही, कुठल्याही दिशेला, अगदी आनंदानं फिरू लागला.

"आटे गेले!" मी गाडीखालून ओरडलो. हाक बायकोला होती. तिला यातलं काही कळतं म्हणून नव्हे, दुःख मराठीत सांगायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

दहा मिनिटांनी वकीलसाहेबांची मुलगी भलंमोठं पातेलं घेऊन आली. "अम्मी ने भिजवाया है। कह रही हैं, आटा ख़त्म हो गया था तो पहले बता देते।"

पातेलंभर कणीक होती. वर शीग लावून.

आता ती परत कशी करणार? आणि रिकामं भांडं तरी परत कसं देणार? बायकोनं पातेल्यात तिळाचे लाडू भरून पाठवले. संक्रांत दोन दिवसांवर होती. इथे त्या सणाला नुसतं 'खिचड़ी' म्हणतात. मग त्यांच्याकडून खिचडी आली. हा व्यवहार अजून मिटलेला नाही.

दुपारी वकीलसाहेबांनी आपल्या ओळखीचा मिस्त्री बोलावला. तिशीचा बारीक पोरगा, कानावर अर्धी विडी. तो सतरंजीवर न झोपता नुसता उकिडवा बसला, मान वाकडी करून एकदा खाली पाहिलं आणि हळहळला, "च्च, चूड़ी मर गई।"

आई व्हरांड्यात उन्हाला बसली होती. ती ताडकन म्हणाली, "अरे, मेली काय म्हणतोस? वाढली म्हणावं!" आणि आधी सुनेच्या हाताकडे पाहिलं. काकणं जागेवर होती. मग मी दोन्ही पक्षांना समजावून सांगितलं, की आपल्याकडे बोल्टाला असतात ते आटे, इथे त्यांनाच चूड़ी म्हणतात. बोल्ट म्हणजे काबला, नट म्हणजे ढिबरी. मिस्त्री मान डोलावत ऐकत होता. शेवटी अदबीनं म्हणाला, "बाबूजी, लगाया तो आपने बहुत बढ़िया है। बस... इधर वाला उधर होता, तो शायद और बढ़िया लगता।"

क्षणभर शांतता पसरली.

गाडीची डावी-उजवी बाजू ठरते ती ड्रायव्हरच्या जागी बसून. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवत असे. आणि मी स्वतः गाडीच्या तोंडाकडे तोंड करून खोकं उघडलं होतं. 'एल' लिहिलेली फळी उजवीकडे, 'आर'वाली डावीकडे. ब्रॅकेटही तसेच.

"हमें तो ग्यारह बजे ही लगा था," वकीलसाहेब चहाचा तिसरा ग्लास ठेवत म्हणाले. "लेकिन आप इंजीनियर ठहरे।"

मी बोल्ट सोडवायला लागलो तेव्हा माझा चेहरा पाहून त्यांनी धीर दिला. त्यांचं म्हणणं, बनवून पाडायचं यात या शहराला काही कमीपणा वाटत नाही. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौलानं लोकांच्या हाताला काम म्हणून बडा इमामबाडा बांधायला काढला. सांगतात, की दिवसा रयत भिंत उभी करायची आणि रात्री, तोंड दिसू नये अशा अंधारात, पडलेले अमीर-उमराव तीच भिंत पाडून आपली मजुरी घ्यायचे. "आपने तो दोनों पालियाँ अकेले कर लीं," वकीलसाहेब म्हणाले. अख्ख्या दिवसात त्यांच्या तोंडून निघालेलं खोचक म्हणावं असं हे एकच वाक्य. तेही इतक्या मायेनं आलं, की टोचलं ते रात्री जेवताना.

मिस्त्रीनं आठ मिलीमीटरची टॅप काढली, तिला तेलाचा थेंब दिला आणि भोकात घातली. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अर्धा पुढे, पाव मागे. मागच्या प्रत्येक फेऱ्याला भोकातून लोखंडाचा चांदीसारखा भुगा गळत होता. त्याच्या मनगटाला जोर असा लागतच नव्हता. आटे जणू आत होतेच, तो त्यांना फक्त उठवत होता. मी सव्वीस वर्षं हे काम काचेच्या केबिनमधून पाहिलं होतं. इतक्या जवळून पहिल्यांदाच.

चाळीस मिनिटांत दोन्ही फळ्या बसल्या. त्यातला चौथा बोल्ट मी हट्टानं स्वतः आवळला. "आप बेहतर जानते हैं," मिस्त्री म्हणाला.

पैसे किती, विचारलं तर लखनौचा माणूस आकडा सांगेल? "जो आप समझें।" मी पंधराशे समजलो. बायकोनं आतून पाहिलं आणि काही बोलली नाही, हेही लखनौचंच पाणी.

आई दुसऱ्या दिवशी पायरीवरून गाडीत चढली. एक पाय, दुसरा पाय, आत. "हं," म्हणाली. दादरच्या हिशेबात हे फार मोठं कौतुक आहे. हजरतगंजात मात्र आता कोणी हात जोडत नाही, आणि चौरंग डिकीतून काढायला ती तयार नाही.

परवा सकाळी मला गाडी काढायची होती. बाहेर येऊन पाहतो, तर उन्हाच्या बाजूच्या पायरीवर आई आणि वकीलसाहेबांची बेगम शेजारी शेजारी बसून मटार सोलताहेत. मध्ये ते पातेलं. इकडे 'निमोना' करतात, वाटलेल्या मटारचा. तो आईला शिकायचा होता. दोघींना एकमेकींची भाषा अर्धी कळते आणि गप्पा पूर्ण चालल्या होत्या.

"आई, ऊठ, मला जायचंय."

"थांब जरा. अर्धा किलो राहिलेत."

दोघींच्या वजनाची मी मनातल्या मनात बेरीज केली. उघड करायची माझी काय टाप! मग पुढून बोल्ट मोजत आलो. चौथा बरोबर दोघींच्या मधोमध होता.

मी रिक्षानं गेलो.