पाच नंबरचं अत्तर

आत्याच्या गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली, शेजारी डांबराच्या गोळ्या, अशा थाटात एक बाटली सात वर्षं पडून होती. सुनेने न्यू जर्सीहून आणलेलं शनेल नंबर फाइव्ह. बाटली 7.5 मिलिलिटरची. खोकल्याचं औषधसुद्धा याहून मोठ्या बाटलीत येतं. आत्या ती 'प्रसंगाला' काढणार होती. मधल्या काळात नातवाची मुंज झाली, दोन लग्नं झाली, एक गृहप्रवेश झाला. पण एकही प्रसंग त्या बाटलीच्या तोलाचा निघाला नाही.

गेल्या संक्रांतीला कपाट आवरताना बाटली हाती लागली आणि आत्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने बूच उघडलं. डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "जाई आहे रे! पण साबण लावून न्हालेली."

मी चाटच पडलो. या अत्तरावर आजवर ढिगाने लिहिलं गेलंय, पण मर्म तिने एका हुंगण्यात काढलं. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावची चमेली या अत्तराचा प्राण, आणि ती म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपली जाईच. पूर्वेकडून तिकडे गेलेली. हे ग्रास मुळात कातडी कमावणाऱ्यांचं गाव. हातमोज्यांना चामड्याची घाण येई, ती झाकायला सुगंध लावू लागले. पुढे मोजे मागे पडले आणि सुगंध उरला. तिथे आजही जाई पहाटे हाताने खुडतात, आणि एक किलो भरायला आठ-दहा हजार फुलं लागतात. आत्याच्या कुंडीतला वेल दिवसाला वीस देतो. हिशोब केला आणि सोडून दिला.

आता साबण. त्याचं नाव अल्डिहाइड. धुतलेल्या कपड्यांसारखा, जरा झणझणीत असा तो वास. तो हे अत्तर बनवणाऱ्या एर्नेस्ट बो यांनी सढळ हाताने घातला. हे गृहस्थ मॉस्कोत जन्मलेले, क्रांतीनंतर फ्रान्सला आलेले. फुलाला फुलासारखं राहू न देणं, ही त्यांची करामत. शनेलबाईंनाही तेच हवं होतं: एका फुलाचं नाव घेऊन मोकळं होता येणार नाही असं काहीतरी. डोंबिवलीत आपली आत्या राहते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

"पण नाव नंबर फाइव्ह का?" तिने विचारलं.

मी सांगितलं, की बो यांनी बाईंसमोर नमुने मांडले, 1 ते 5 आणि 20 ते 24 असे नंबर घालून. बाईंनी पाचवा उचलला आणि तेच नाव ठेवलं.

"म्हणजे बारशाला आत्या नव्हती," आत्या हळहळली.

उत्साहाच्या भरात मी आणखी एक माहिती पुरवली. जाईच्या वासात इंडोल नावाचा पदार्थ असतो, तोच विष्ठेतही असतो. थेंबभर असला तर फूल, जास्त झाला तर मोरी. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं सगळं गिळून टाकलं. झोपताना काय घालता, या प्रश्नाला मर्लिन मन्रोने दिलेलं उत्तरही मग सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी हळदीकुंकू होतं. अत्तरदाणीतली हिना केव्हाच सुकली होती. आत्याने कापसाचा फाया केला, शनेल नंबर फाइव्हमध्ये बुडवला आणि आल्यागेल्या प्रत्येकीच्या हाताच्या पालथ्या बाजूला निगुतीने लावला. एक थेंब ताटात सांडला, तो मी बोटाने टिपून घेतला. "बूंद से गई…" आत्या पुटपुटली, आणि मला फाया नाकारला. तिळगूळ, वाण, गुलाबपाणी, त्यावर पॅरिस. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आधीची हिना ठसठशीत होती." दुसरीने मात्र रुमाल विसरल्याचं निमित्त करून पुन्हा एकदा हात पुढे केला.

रात्री सुनेचा व्हिडिओ कॉल आला. "आई, ते परफ्यूम वापरता की नाही?"

"संपलं," आत्या म्हणाली. "येताना आण. सहा नंबर निघाला असेल एव्हाना, तो नको. पाचच आण."